अण्णांच्या नावाची घागर

नमस्कार मंडळी. समितीने मला ‘पालकत्व’ हा विषय दिलाय. त्यावर बोलायला मी जरा अडचणीचा माणूस आहे. बाप कसा असतो हे मला वयाच्या अकराव्या वर्षापर्यंतचंच ठाऊक आहे. पुढचं पाहिलेलं नाही.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापी आणि सातपुड्याच्या मधल्या पट्ट्यात. घरची केळी. रात्रीची लाईट असली की अण्णा बॅटरी घेऊन बागेला पाणी द्यायला जायचे. १९९६ च्या डिसेंबरात असेच गेले आणि स्टार्टरचा शॉक बसला. त्याबद्दल एवढंच.

पुढची आखाजी मात्र सांगायलाच हवी. अक्षय्य तृतीयेला तुमच्यातले पुणे-मुंबईकर सोनं घेतात. आम्ही खान्देशी गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतो. मातीची नवी घागर, वर खरबूज, सांजोऱ्या, आणि निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांसाठी नैवेद्याचा घास, टाकायची. दुपारून पोरीबाळी झोक्यावर, बाप्ये पत्त्यांवर. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी; त्याचं सालही आखाजीलाच संपतं आणि नवं ठरतं. म्हणजे एकाच दिवशी अण्णांची घागर भरायची होती आणि आमचे सालदार, तात्या, यांचं सालही ठरवायचं होतं.

ओट्यावर चुलते, मामा, भाऊबंद बसलेले. जो येई तो पाठीवर हात ठेवून म्हणे, ‘आता तूच घरातला कर्ता.’ मी पाचवीत होतो. कर्ता म्हटलं की मला फक्त व्याकरणातला माहीत होता, ज्याच्यामागून कर्म येतं तो!

तात्यांनी पैशांचं काही काढलं नाही. त्यांनी विचारलं, ‘जेवना का रे पोऱ्या?’ मी सकाळपासून उपाशी होतो. एवढ्या माणसांत ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तात्या त्यानंतर सात सालं राहिले. दहावी होईपर्यंत त्यांनी माझ्या हातात विळा दिला नाही. हट्ट करून एकदाच केळीची पिलं, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, कापायला गेलो. तेव्हा त्यांनी दाखवलं, की घड उतरवल्यावर जुनं खोड लगेच बुडापासून तोडायचं नसतं. त्यातला रस राखलेल्या पिलाला मिळत राहतो. परवा हे आपल्या एका समिती सदस्याला सांगितलं, तर ते म्हणाले, वा, काय उपमा आहे! उपमा कसली? मला त्या दिवसाचं जास्त आठवतं ते वेगळंच. शाळेच्या शर्टाला केळीचा चीक लागला आणि आईने बदडलं. तो डाग जात नाही, किती घासा.

मुलगी झाली तेव्हा पहिली काही वर्षं सोपी गेली. खांद्यावर बसवणं, पोहायला शिकवणं, अंधारात बोट धरून चालणं, सगळं अण्णांचंच उचललं. मागच्या वर्षी तिला बारावं लागलं आणि माझ्याजवळचा नमुना संपला. शिवाय बापाकडून आलेली एक भीती आहे. घरात कुणी ओल्या हाताने बटणाला हात लावला की मी ओरडतो. इथे परदेशातल्या वायरिंगमध्ये असा शॉक सहसा बसत नाही, बायको शंभरदा सांगते. डोक्याला पटतं, गळ्याला पटत नाही.

गेल्या महिन्यात मुलगी न्हाऊन आली आणि ओल्या हातानेच केस वाळवायचं मशीन लावायला गेली. मी असा ओरडलो की शेजाऱ्यांनी ऐकलं असणार. ‘बाबा, तू नेहमी असंच करतोस,’ म्हणाली आणि दार आपटून आत गेली. मी दाराबाहेर उभा. अशा वेळी बाप काय करतो? टकटक करतो? निघून जातो? मला खरंच माहीत नव्हतं.

तिकडे गावाकडे सकाळ झालेली होती. तात्यांना फोन लावला. आता सत्तरी ओलांडलीय, कमी ऐकू येतं. सगळं दोनदा सांगावं लागलं, तेही दबक्या आवाजात.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘पोर जेवनी का?’

‘नाही.’

‘मंग फोन ठेव.’