मतपत्रिकेतला जेलर

(कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी मतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. शेरीफ म्हटलं की आपल्यातल्या मुंबईकरांना आठवतात गावसकर. १९९४ मध्ये ते मुंबईचे नगरपाल होते, त्याआधी १९८० मध्ये दिलीपकुमार. वर्षभराचं मानाचं पद, पाहुण्यांचं स्वागत करायचं, अधिकार काही नाही. हे डोक्यात घेऊन आपण इथले नागरिक होतो, मतपत्रिका घरी येते, गव्हर्नरपासून सुरुवात करून शेरीफपर्यंत येईस्तोवर चहा निवलेला असतो, आणि ती जागा कोरी राहते.

इथला शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक आणि जिल्हा कारागृहाचा अधीक्षक, दोन्ही एकच माणूस. वर तो निवडून येतो. महाराष्ट्रात ही खाती वेगळी आहेत आणि दोघांचीही बदली मंत्रालयातून होऊ शकते. इथं शेरीफची बदली होत नाही. काउंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, सुपरवायझर त्याचं बजेट मंजूर करतात, पण त्याचे साहेब नसतात. देशात असे सुमारे तीन हजार शेरीफ आहेत. कनेटिकटने २००० साली हे पदच मोडीत काढलं. बहुतेक ठिकाणी मुदत चार वर्षांची, मॅसॅच्युसेट्समध्ये सहा.

आपल्या सांता क्लारा काउंटीत कूपर्टिनो, सॅराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्स या गावांना स्वतःचं पोलीस खातं नाही. ती शेरीफशी करार करतात. म्हणून गस्तीच्या गाडीवर शेरीफ लिहिलेलं दिसतं आणि आपल्याला वाटतं, हा आपला गल्लीतला पोलीस. उमेदवारही तेच बोलतात: घरफोड्या, गाड्यांच्या फुटलेल्या काचा, फोन केल्यावर किती मिनिटांत माणूस येतो. आपल्या घरात सोनं असतं हे चोरांनाही कळलंय, त्यामुळे ते प्रश्न मी हलके मानत नाही. पण सनीव्हेल, सॅन होजे, माउंटन व्ह्यू इथल्या माणसाच्या दारात शेरीफ येतच नाही, तिथं शहराचे पोलीस आहेत. मतदान मात्र ते सगळे करतात. मग ते निवडतात कोणाला? जेलरला.

मिल्पिटासच्या ग्रेट मॉलला आपण सगळे गेलोय. त्याच्या जवळच एल्मवूड आहे, काउंटीचा एक तुरुंग. दुसरा सॅन होजेत, हेडिंग स्ट्रीटवर. शिक्षा झालेले मोठे गुन्हेगार राज्याच्या कारागृहात जातात. काउंटीच्या जेलमध्ये बहुतेक कच्चे कैदी असतात. गुन्हा शाबीत झालेला नाही, जामिनाचे पैसे नाहीत, किंवा जामीन मिळालेला नाही. भारतातल्या तुरुंगांतही चारांतले तीन जण कच्चेच असतात, तेव्हा आपल्याला यात नवल वाटू नये. कॅलिफोर्नियात आणखी एक भर पडली. राज्याची कारागृहं तुडुंब भरली म्हणून २०११ साली कायदा बदलला आणि कमी गंभीर गुन्ह्यांची वर्षानुवर्षांची शिक्षाही काउंटीत भोगायची ठरली. चार दिवस ठेवायला बांधलेल्या खोल्यांत माणसं चार-चार वर्षं राहू लागली.

आत काय चालतं ते शेरीफ ठरवतो. जेवण काय, भेट काचेपलीकडून की व्हिडिओवर, कोठडीबाहेर दिवसातून किती तास, औषध कधी, वेड लागलेल्या माणसाला बेड्या की डॉक्टर.

जेवणाचं उदाहरण अलाबामाचं आहे आणि ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. तिथल्या जुन्या कायद्याने राज्य शेरीफला दर कैद्यामागे दिवसाला पावणेदोन डॉलर जेवणखर्च द्यायचं. उरलेले पैसे? शेरीफच्या खिशात. चोरी नव्हे, कायद्यानेच! कमी खायला घाला, जास्त कमवा. मॉर्गन काउंटीच्या शेरीफने आठवडेच्या आठवडे कैद्यांना कॉर्न डॉग, म्हणजे मक्याच्या पिठात तळलेली सॉसेजं, खायला घातले, कारण ते ट्रकभर स्वस्तात मिळाले होते. तीन वर्षांत दोन लाखांवर डॉलर त्याच्याकडे उरले. २००९ च्या जानेवारीत फेडरल न्यायाधीशाने त्याला पकडून एक रात्र कोठडीत टाकलं. शेरीफच कैदी! तरी कायदा तसाच राहिला. २०१८ मध्ये बाहेर आलं की एटोवा काउंटीच्या शेरीफने तीन वर्षांत साडेसात लाख डॉलर असेच नेले होते, आणि त्याच सुमारास समुद्रकिनारी सात लाख चाळीस हजारांचं घर घेतलं होतं. त्याचं म्हणणं, मी कायदा मोडलेला नाही. त्याच जूनमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत लोकांनी त्याला घरी बसवलं आणि पुढच्या वर्षी कायदाही बदलला. म्हणजे कोर्टाच्या आदेशाने जे सुटलं नाही ते बातमी आणि मत यांनी मिळून सोडवलं. निवडणुकीच्या बाजूने एवढी एक गोष्ट मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण एरवी तुरुंगाचा प्रमुख मतांवर निवडावा हे मला फारसं पटत नाही.

आता आपल्या घरचं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये सॅन होजेच्या जेलमध्ये एका मनोरुग्ण माणसाला तीन रक्षकांनी इतकं मारलं की तो गेला. तो तिथं थांबला होता तो उपचार केंद्रात खाट रिकामी होण्याची वाट पाहत. रक्षकांना २०१७ मध्ये खुनाबद्दल दोषी ठरवलं गेलं, पुढे अपिलात खुनाचा दोष टिकला नाही. २०१८ मध्ये आणखी एका मनोरुग्णाने कैद्यांच्या गाडीत डोकं आपटून घेतलं, त्याला मदत वेळेवर मिळाली नाही, आणि काउंटीने एक कोटी डॉलरची भरपाई दिली. तो पैसा तुमच्या-माझ्या करातून गेला.

या सगळ्या काळात शेरीफ होत्या लॉरी स्मिथ. १९९८ साली निवडून आलेल्या, कॅलिफोर्नियातल्या पहिल्या निर्वाचित महिला शेरीफ. २०१८ मध्ये, एवढं होऊनही, त्या पुन्हा जिंकल्या. त्यांच्याविरुद्ध उभे होते त्यांचेच माजी उपप्रमुख. शेवटी पद गेलं ते वेगळ्याच कारणाने: पिस्तूल बाळगायचे परवाने वशिल्याच्या लोकांना आणि निवडणूक निधी देणाऱ्यांना दिल्याचा आरोप. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने त्यांना सहाही मुद्द्यांवर दोषी ठरवलं. त्याच्या तीनच दिवस आधी त्यांनी राजीनामा दिला होता. त्या सहांत एक मुद्दा जेलच्या गाडीतल्या त्या घटनेच्या चौकशीला सहकार्य न करण्याचा होता. कैद्याचं प्रकरण यादीत आलं, पण परवान्यांच्या मागून.

उमेदवार येतात कुठून तेही पाहा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून राज्याची अट आहे की पोलिसी अनुभव हवा. त्यामुळे साहेबांविरुद्ध साहेबांचाच जुना सहकारी, हे चित्र ठरलेलं. २०२२ च्या अखेरच्या फेरीत एक होते याच खात्यातले निवृत्त कॅप्टन केविन जेन्सन आणि दुसरे पालो आल्टोचे पोलीस प्रमुख बॉब जॉन्सन, म्हणजे निदान बाहेरचे. जॉन्सन थोडक्या मतांनी आले. ही अट येण्याआधी, १९७९ साली, सॅन फ्रान्सिस्कोने मायकेल हेनेसी नावाच्या वकिलाला निवडलं होतं. तो कैद्यांना कायदेशीर मदत करायचा. तब्बल ३२ वर्षं तो शेरीफ राहिला. माझं मत विचाराल तर ही अट काढावी. तुरुंग चालवणं आणि चोर पकडणं ही दोन कामं आहेत.

उमेदवार भेटले तर जेलमध्ये कोणी मेलं तर काय, हे त्यांना जरूर विचारा. कॅलिफोर्नियाच्या ५८ पैकी ४८ काउंट्यांत शेरीफच कॉरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी, असतो. जेलमध्ये माणूस मेला तर मृत्यूचं कारण जेलरच्याच हाताखालचा माणूस लिहितो. आपल्या काउंटीने २०१६ मध्ये ही दोन कामं वेगळी केली. ती पुन्हा एकत्र करायला उमेदवार राजी आहे का? फोनचे दर किती? सॅन फ्रान्सिस्कोने २०२० मध्ये जेलमधले फोन फुकट केले. इमिग्रेशनवाल्यांना माणूस ताब्यात देण्याबद्दलही विचारा. २०१७ च्या राज्याच्या कायद्याने त्यावर बंधनं आहेत, पण काही गुन्ह्यांत निर्णय शेरीफवर सोडलेला आहे, आणि व्हिसावर असलेल्यांच्या दृष्टीने ही कागदी बाब नाही.

आणखी एक गंमत. इथं काउंटी जेलमधल्या कच्च्या कैद्याला मतदानाचा हक्क आहे. भारतात १९५१ च्या कायद्याने तो कैद्याला नाही, खटला चालू असला तरी नाही. म्हणजे एल्मवूडमधला माणूस आपल्या जेलरविरुद्ध मत देऊ शकतो आणि बाहेरचे आपण ती जागा कोरी सोडतो.

आता तारखांचं बोलतो आणि मग तुमचे प्रश्न घेतो. राज्याने शेरीफची निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या वर्षात नेली, त्यामुळे २०२२ मध्ये निवडून आलेल्यांना चारऐवजी सहा वर्षं मिळाली. आपल्याकडची पुढची निवडणूक २०२८ मध्ये. त्या वर्षी प्राथमिक फेरी मार्चमध्ये असते. पहिल्याच फेरीत कोणाला निम्म्याहून जास्त मतं पडली की तो निवडून आला. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर शेरीफ हे पद असेलच असं नाही.