नदीपल्याडचे चार थांबे

[पहाट. अ‍ॅशमाँट स्थानक. ट्रॉली उभी.]

ही ट्रॉली, म्हणजे रुळांवरची ट्राम, 1940च्या दशकातली. बॉस्टनच्या सार्वजनिक वाहतुकीत आजही प्रवासी नेणारी सर्वांत जुनी गाडी. नारिंगी अंग, क्रीम रंगाचा पट्टा, कपाळावर एकच दिवा. एकच डबा आणि जेमतेम अडीच मैलांचा मार्ग, अ‍ॅशमाँट ते मॅटापॅन, दोन्ही बॉस्टनचेच भाग.

[खिडकीतून सीडर ग्रोव्ह दफनभूमी.]

निघाल्यावर थोड्याच वेळात ती दफनभूमीत शिरते. दोन्ही बाजूंना थडगी, मधून रूळ.

[नदी. पूल.]

ही नेपॉन्सेट नदी. अलीकडचा डॉर्चेस्टर बॉस्टन शहरात मोडतो. पलीकडे मिल्टन, सुमारे 28 हजार वस्तीचं स्वतंत्र गाव. थोरले जॉर्ज बुश 1924 साली इथेच जन्मले. नदीकाठच्या या विटांच्या इमारती म्हणजे जुना चॉकलेटचा कारखाना. आता त्यांत बिऱ्हाडं राहतात.

ट्रॉलीचे चार थांबे मिल्टनच्या हद्दीत आहेत. मिल्टन, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू, व्हॅली रोड, केपन स्ट्रीट. मिल्टनमध्ये किती घरं बांधू द्यायची, हा सगळा वाद या चार थांब्यांवरून पेटला.

[डॉर्चेस्टर. लाकडी तिमजली घरांची रांग.]

आधी ही घरं नीट पाहा. तीन मजले, तीन बिऱ्हाडं, प्रत्येकाच्या पुढ्यात व्हरांडा. वरच्या व्हरांड्यात कपडे वाळताहेत, खालच्यात मुलाची सायकल. मालक एका मजल्यावर राहायचा आणि बाकी दोन मजल्यांच्या भाड्यातून कर्जाचे हप्ते फेडायचा. बोटीतून उतरलेल्या कितीतरी कामगार कुटुंबांनी या शहरात पहिलं घर केलं ते असंच.

मग ही घरं नदीजवळ येऊन का थांबतात?

1912 साली मॅसॅच्युसेट्स राज्याने गावांसाठी एक कायदा केला. जे गाव तो स्वीकारील, तिथे लाकडी तिमजली घर बांधणं जवळपास अशक्य होणार होतं. कारण आगीचं सांगितलं गेलं, आणि आगीची भीती खरीही होती. पण परदेशातून आलेला कामगार आपल्या गावात नको, ही इच्छाही त्यामागे होती. 1918 साली मॅसॅच्युसेट्सच्या घटनेत दुरुस्ती झाली आणि 1920च्या कायद्याने कुठल्या भागात कशा इमारती असाव्यात हे ठरवण्याची मुभा गावांना मिळाली. तेच झोनिंग. 1926 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही अशा नियमांवर शिक्कामोर्तब केलं. मोठा प्लॉट, त्यावर एकच घर, एकच कुटुंब, हा नियम मग उपनगरांत पसरत गेला.

आपल्याकडे महापालिका विकास आराखडा करते, पण अंतिम मंजुरी राज्याच्या नगरविकास खात्याची असते. मॅसॅच्युसेट्समध्ये झोनिंगचा शब्द गावाचा. 1969 साली राज्याने त्याला एक अपवाद केला. गावातली परवडणारी घरं दहा टक्क्यांहून कमी असतील, तर गावाने अडवलेला बिल्डर राज्याकडे दाद मागू शकतो. बाकी सूत्रं गावाच्याच हाती राहिली. पण ही सूत्रं गावाला दिली राज्याने. ती काही मुळातून गावाची नव्हती.

[मिल्टन. हिरवळ, दगडी कुंपण, लांबवर एक घर.]

जानेवारी 2021. राज्यपाल चार्ली बेकर एका कायद्यावर सही करतात. बॉस्टनच्या वाहतूक सेवेचा लाभ घेणाऱ्या 177 गावा-शहरांनी अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींसाठी निदान एक विभाग राखायचा. एकरी किमान 15 घरं. जिथे स्थानक आहे, तिथे साधारण अर्ध्या मैलाच्या आत. वयाची अट घालायची नाही, मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना जागा हवी. आराखडा नियमात बसत असेल तर परवानगी द्यायचीच, शेजाऱ्यांच्या हरकतींसाठी ती अडवायची नाही.

घर बांधलंच पाहिजे असं हा कायदा म्हणत नाही. बांधायला बंदी नको, एवढंच म्हणतो.

चार थांब्यांमुळे मिल्टनची गणना मेट्रोच्या गावांत झाली. तिथे असलेल्या घरांच्या पंचवीस टक्के, म्हणजे सुमारे अडीच हजार घरांना वाव देणारा विभाग आखणं आलं.

[अंगणांतल्या पाट्या. बर्फ.]

डिसेंबर 2023 मध्ये टाउन मीटिंगने, म्हणजे निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या गावसभेने, आराखडा मंजूर केला. विरोधकांनी सह्या गोळा करून सार्वमत लावलं. रस्ते तुंबतील, शाळांवर ताण येईल, ही एका डब्याची ट्रॉली मेट्रो कशी काय, हे त्यांचं म्हणणं. नवी घरं तरी स्वस्त कुठे असणार, असंही ते विचारत होते. हा शेवटचा प्रश्न रास्त आहे, कारण घरं वाढली तरी भाडं एका रात्रीत उतरत नाही. पण घरंच वाढली नाहीत तर ते कशाच्या जोरावर उतरणार?

14 फेब्रुवारी 2024 रोजी सुमारे 54 टक्के मतदारांनी आराखडा फेटाळला. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल अँड्रिया कॅम्बेल कोर्टात गेल्या.

[न्यायालयाची इमारत, बाहेरून.]

8 जानेवारी 2025 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदा वैध, गावांवर बंधनकारक, आणि त्याची अंमलबजावणी करून घ्यायचा अधिकार अ‍ॅटर्नी जनरलना आहे. मात्र राज्याने नियमावली काढताना रीतसर प्रक्रिया पाळली नव्हती, म्हणून ती रद्द. राज्याने लगेच नवे नियम काढले. मागे राहिलेल्या गावांना जुलै 2025ची मुदत मिळाली.

[संध्याकाळ. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूचा थांबा.]

दिवसभर मिल्टनमधल्या घरांत म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणारी ही बाई मॅटापॅनच्या ट्रॉलीची वाट पाहते आहे. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात बाहेर घालायचे बूट. कामाचे पांढरे बूट अजून पायातच आहेत. आणखी दोन थांबे, मग मॅटापॅन.

[ट्रॉली येते. घंटा. दार दुमडून उघडतं. निवेदन नाही.]