कुत्र्याला घेऊन मुक्कामाला जाताना

नमस्कार, श्रोतेहो. दिवाळी सरली, पहाटेची थंडी पडायला लागली की कोल्हापूरकरांच्या गाड्या पन्हाळ्याकडं, आंबा घाटाकडं, गगनबावड्याकडं वळतात. हल्ली त्या गाड्यांच्या मागच्या सीटवर काचेतून नाक बाहेर काढून बसलेलं कुत्रंही दिसतं. चांगली गोष्ट आहे. पण ‘याच्यासाठी काय तयारी केलीय?’ असं विचारलं की उत्तर येतं ते खरेदीचं. ऑनलाइन मागवलेला छोटा तंबू, पायात घालायचे चार बूट, एखादं छानसं जाकीट. गोचिडाचं औषध शेवटचं कधी दिलं, हे मात्र कुणाला आठवत नाही. माझं म्हणणं असं की सामान दुकानात बघून ठरवू नये. आपण जिथं मुक्काम करणार, तिथं या जिवाला काय होऊ शकतं ते आधी बघावं आणि त्यावरून सामान ठरवावं.

मुळात जागेपासूनच सुरुवात करू. राधानगरी अभयारण्य, म्हणजे आपलं दाजीपूर, आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान इथं पाळीव कुत्रं न्यायचं नाही. गव्यांना आणि रानकुत्र्यांना आपल्या कुत्र्यांचे रोग लागू शकतात, तेव्हा हा नियम आपल्यालाही पटायला हवा. पन्हाळा, विशाळगड, गगनबावडा या भागांतही वनखात्याची संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, म्हणून विचारल्याशिवाय तंबू ठोकू नका. तटबंदीच्या कडेला तर नकोच. पन्हाळा 2025 पासून जागतिक वारसा यादीत आहे. सगळ्यात सोपं म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याचं रान. मालकाला आधी सांगायचं की सोबत कुत्रं आहे, आणि त्यांच्याकडं म्हसरं, शेळ्या, कोंबड्या, राखणीची कुत्री काय काय आहेत ते विचारून घ्यायचं.

त्यातही उसाच्या फडाला लागून मुक्काम नको. बिबट्याची मादी पिलं घेऊन उसात राहते, आणि गळीत हंगामात फड तुटायला लागले की ही जनावरं जागा बदलत फिरतात. बिबट्याला कुत्रं फार आवडतं. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या बाजूला बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा शेळ्यामेंढ्यांचा नव्हता, कुत्र्यांचा निघाला. म्हणून कुत्र्यासाठी वेगळा छोटा तंबू ही कल्पना मला अजिबात पटत नाही. ‘राखणीला बाहेर बांधतो’ ही त्याहून वाईट. अंधार पडला की कुत्रं आपल्याच तंबूत, तंबूची चेन लावून आत. तेव्हा तंबू घेताना दोघांचा असेल तर तिघांचा घ्या, आणि नखं कापून न्या, नाहीतर तळाचं कापड पहिल्याच रात्री फाटतं.

तंबूत खाली काय घालायचं, यासाठी पैसे घालवू नका. घरात त्याच्या अंगाखालची जी वाकळ आहे तीच न्या, न धुता. ओळखीचा वास असला की परक्या जागी झोप लागते. जमिनीच्या बाजूला घोंगडं घाला. दवानं थोडं ओलं झालं तरी लोकरीची ऊब राहते. जाकीट मात्र काही कुत्र्यांना खरंच लागतं. आपल्या भागात कारवानी आणि मुधोळ जातीची कुत्री बरेच जण पाळतात. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नाही, केस आखूड. पन्हाळा तीन हजार फुटांच्या वर आहे. डिसेंबरच्या रात्री तिथं कारवानी कुत्रं कुडकुडतं, आणि शेजारी केसाळ जर्मन शेफर्ड मजेत पसरलेला असतो. त्याला कशाला जाकीट?

आता पट्ट्याकडं येऊ, कारण घोळ सगळ्यात जास्त इथंच होतो. कारवानीचं डोकं निमुळतं, मान त्याहून जाड. साधा पट्टा कितीही आवळा, कुत्रं मागं सरकलं की कानावरून सटकन निघून येतो. आणि हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं. ससा दिसला की त्याला तुमची हाक ऐकू येत नाही. म्हणून छातीला आणि पोटाला दोन्हीकडं बसणारा हार्नेस हवा. घेताना तो कुत्र्याच्या अंगावर चढवून बघा. पट्टीखाली दोन बोटं जावीत, काखेत घासू नये, आणि पाठीवरची कडी धातूची असावी. मग दोरी धरून समोर उभं राहा आणि कुत्र्याला मागं सरकू द्या. दुकानातच सुटला, तर रानात सुटणारच. कोल्हापुरी चपलांच्या शहरात राहून चामड्याच्या पट्ट्याला नावं ठेवणं बरं नव्हे, दिसायला तो देखणाच. पण दवात, पाण्यात भिजला की वाळताना कडक होतो आणि मान सोलतो. मुक्कामाला नायलॉनच बरं. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर आणि एक लुकलुकणारा छोटा दिवा, एवढं पुरे.

हार्नेसवर एवढं बोलतोय त्याला आणखी एक कारण आहे. रानडुकरं मारायला काही लोक पिठात, चरबीत गुंडाळलेले गावठी बॉम्ब पेरून ठेवतात. कुत्रं ते खाणं समजून तोंडात धरतं आणि जबडाच उडतो. शिवाय तारेचे फासे असतात, कुंपणाला चोरून सोडलेला करंट असतो, उंदरांचं विष असतं. ‘आमचं कुत्रं सोडलं तरी लांब जात नाही’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बांधावरून फिरवताना दोरी हातातच, आणि जमिनीवरचं काही तोंडात धरलं तर ‘सोड’ म्हटल्यावर सोडायला शिकवलेलं असावं. हे शिकवायला खर्च नाही, पण महिनाभर आधीपासून लागावं लागतं. रंगीत तालीमही करून घ्या: गच्चीवर तंबू लावा आणि एक रात्र कुत्र्यासकट तिथंच झोपा. चेनचा आवाज, कापडाची फडफड याला ते बिचकतं का, रात्री भुंकतं का, सगळं कळतं. शेजाऱ्यांनाही कळतं, तो भाग वेगळा.

पाण्याचा हिशोब बहुतेकांचा चुकतो. घरी बसलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागं साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला लिटरभराच्या वर, आणि चालणं असेल तर दुप्पट धरा. डबक्यातलं पाणी पाजू नका. जनावरांच्या, उंदरांच्या मुतातून त्यात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू येतात. लेप्टोची आणि रेबीजची लस दरवर्षी लागते, निघण्याआधी पुस्तिका उघडून तारीख बघा. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर असतो तसा जांभा दगड फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी चांगलाच तापतो. हाताची पालथी बाजू पाच सेकंद दगडावर ठेवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. बुटांपेक्षा सकाळी लवकर आणि संध्याकाळी चालणं हा माझा उपाय. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना चढ आणि ऊन दोन्ही एकत्र देऊच नका.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. घरचंच खाणं मोजून न्या, तिथं जाऊन नवं काही नको. आपण मुक्कामाला मटण करणार, हे मी काय सांगायला हवं का! पण तांबडा-पांढऱ्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजलेल्या हाडाच्या अणकुचीदार कपच्या होतात, त्या आतड्यात रुततात. भडंगातही लसूण आहे, मनुका तर मूत्रपिंडाला घातक. पोरांना हे आधीच बजावून ठेवा, कारण ताटाखालून देणारी तीच असतात. आणि गगनबावड्याहून करूळ घाटाची वळणं उतरायची असतील तर निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवा.

औषधाच्या पिशवीत पट्टीचं कापड, बीटाडीन, बारीक टोकाचा चिमटा आणि तोंड बांधायला कापडाची लांब पट्टी ठेवा. दुखावलेलं कुत्रं मालकालाही चावतं. आपल्या डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्या त्याला चुकूनही देऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघंही आपल्याकडं आहेत, आणि कुत्रं नाकानं हुंगायला जातं म्हणून दंश तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही, चालवणं नाही; उचलून गाडीत घालायचं. माणसाला साप चावल्यावर देतात तेच विषावरचं इंजेक्शन कुत्र्यालाही चालतं, पण ते जनावरांच्या प्रत्येक डॉक्टरकडं असेलच असं नाही. रस्त्यावरच्या कोणत्या दवाखान्यात आहे आणि रात्री कोण फोन उचलतं, हे निघण्याआधी विचारून लिहून घ्या. रानात रेंज मिळेलच असं नाही.

राहिलं गोचीड. औषध जायच्या आधी चार-पाच दिवस, डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणं. घरात मांजर असेल तर ते आवर्जून सांगा. कुत्र्याची काही औषधं मांजराला विषारी असतात. परत आल्यावर अंगणातच कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, पट्ट्याखाली चाचपून बघा. चिकटलेला गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काही लावायचं नाही. पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप आला, खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या, कुठल्या रानात जाऊन आलात ते सांगा आणि रक्त तपासून घ्या. नमस्कार.