मतदानाची पुढची तारीख

[दृश्य : नायडू रुग्णालयाचं प्रवेशद्वार, मार्च २०२०]

महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले. तारीख होती ९ मार्च २०२०. नायडू रुग्णालयाचं नाव राज्यभर सगळ्यांच्या तोंडी झालं. दोन आठवड्यांत देश बंद झाला. ऑक्सिजन, खाटा, किराणा, गावी कसं जायचं, या काळज्यांत आणखी एका प्रश्नाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ठरलेल्या निवडणुकांचं काय करायचं?

साथ आली की सरकार ज्या कायद्याचा आधार घेतं तो १८९७ चा, प्लेगच्या वर्षातला. रँडच्या अंमलातली घरोघरची झडती पुणे अजून विसरलेलं नाही. कायदा जेमतेम चार कलमांचा होता आणि मतदानाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. त्यामुळे २०२० मध्ये निवडणूक आयोगाने लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं मुदतवाढीचं कलम १५३ वापरलं. राज्यसभेची २६ मार्चची निवडणूक पुढे गेली, पाठोपाठ महाराष्ट्र विधान परिषदेच्या नऊ जागांचीही.

या दुसऱ्या निर्णयाने मुख्यमंत्रिपदच अडचणीत आलं. उद्धव ठाकरे तेव्हा कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते आणि घटनेने दिलेली सहा महिन्यांची मुदत मेअखेर संपत होती. आयोगाने १ मे रोजी निवडणुकीला परवानगी दिली, १४ मे रोजी बिनविरोध निवडही झाली. टाळेबंदीतही वाट काढता आली. हीच तत्परता साध्या मतदाराच्या वाट्याला यायला हवी होती.

[दृश्य : मतदान केंद्राबाहेर अंतर राखून उभी रांग]

अमेरिकेत त्या वर्षीचे मोठे खटले मत कसं द्यायचं यावरून झाले. विस्कॉन्सिनमध्ये ७ एप्रिलला मतदान होतं. टपाली मतपत्रिका उशिरा पोचत होत्या, म्हणून खालच्या न्यायालयाने मुदत वाढवली. आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की मतपत्रिकेवर ७ एप्रिलपर्यंतचाच टपालाचा शिक्का हवा. मिलवॉकी शहरात एरवीच्या सुमारे १८० केंद्रांपैकी फक्त पाच उघडली. मास्क लावून लोक तासन् तास उभे राहिले.

आपल्याकडेही टपाली मताचा वाद झाला. जून २०२० मध्ये नियम बदलून ६५ वर्षांवरच्यांना आणि कोरोनाबाधितांना ही सोय दिली गेली. महिनाभरातच आयोगाने ६५ वर्षांवरच्यांची सोय मनुष्यबळाअभावी बिहारमध्ये लागू न करायचं ठरवलं. ८० वर्षांवरचे, दिव्यांग आणि बाधित यांची सोय राहिली. द्रमुकने मद्रास उच्च न्यायालयात या सोयीलाच आव्हान दिलं. घरून दिलेलं मत गुप्त राहील का, ही शंका रास्त होती. पण मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. मला तो निकाल योग्य वाटतो. जी आजी जिना उतरू शकत नाही, तिच्यापर्यंत मतपत्रिका गेलीच पाहिजे.

बिहारची निवडणूकच पुढे ढकला, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये ऐकून घेतली नाही. एका केंद्रावर १५०० ऐवजी १००० मतदार, बाधितांसाठी शेवटचा तास, अशा नियमांनी मतदान पार पडलं. पुणे विभागातही १ डिसेंबर २०२० रोजी पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचं मतदान झालं.

[दृश्य : तालुक्याच्या गावातलं ग्रामपंचायत कार्यालय]

गावांत मात्र मुदत संपलेल्या पंचायतींवर प्रशासक नेमायचं ठरलं. जुलै २०२० च्या शासन आदेशात, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने माणूस निवडावा, असं होतं. म्हणजे सरपंचाच्या खुर्चीवर पालकमंत्र्यांच्या मर्जीतला माणूस! याचिका झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात सांगितलं, शक्यतो सरकारी अधिकारीच नेमा. निवडणूक लांबली तर मधल्या काळात कारभार कुणाच्या हाती, हे त्यातून निदान विचारलं गेलं. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी मतदान ठरलं.

[दृश्य : शिवाजीनगर, पुणे महापालिका भवन, रिकामं सभागृह]

पुणे शहराची गोष्ट त्याहून कठीण आहे. घटनेचं कलम २४३-यू सांगतं, महापालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक. २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपवादाची जागा अगदी अरुंद ठेवली होती. नैसर्गिक आपत्ती, दंगल, असं काही असेल तरच. मार्च २०२२ मध्ये पुण्याची मुदत संपली तेव्हा साथ ओसरत होती. पण तिची सावली कायद्याच्या कागदांवर होतीच. कोरोनामुळे २०२१ ची जनगणना झाली नाही. म्हणून राज्य सरकारने लोकसंख्या वाढल्याचं गृहीत धरून नगरसेवकांची संख्या वाढवली. पुण्यात १७३ जागांची प्रभागरचना झाली. सरकार बदललं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती रचना रद्द झाली. स्थानिक निवडणुकांतल्या ओबीसी आरक्षणाचा खटला आधीपासून चालू होता, त्यात याची भर पडली. सर्वोच्च न्यायालयाने परिस्थिती जैसे थे ठेवायला सांगितलं, ते काही आठवड्यांसाठी. त्या आठवड्यांची वर्षं झाली.

एवढ्यात २९ मार्च २०२३ रोजी पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचं निधन झालं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-ए नुसार सहा महिन्यांत पोटनिवडणूक हवी. आयोगाने ती घेतली नाही. यंत्रणा लोकसभेच्या तयारीत आहे, हे एक कारण दिलं. पुण्यातल्याच एका मतदाराने उच्च न्यायालय गाठलं. १३ डिसेंबर २०२३ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती कमल खाता यांनी निवडणूक तातडीने घ्यायला सांगितलं, कारण लोकांना प्रतिनिधीविना ठेवता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. तेव्हा साथ नव्हती, पूर नव्हता, दंगल नव्हती. तरीही जून २०२४ पर्यंत पुणेकरांना ना नगरसेवक होता, ना खासदार. नळाला पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जायचं? क्षेत्रीय कार्यालयातल्या अधिकाऱ्याला कुणी निवडून दिलेलं नसतं. आणीबाणीत तारीख पुढे नेता येते, हे मान्य. पण पुढची तारीख न सांगता ती नेली, तर मतदाराच्या हातातून मतच काढून घेतलं जातं.

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अखेर चार महिन्यांत निवडणुका पूर्ण करायला सांगितलं. तीही मुदत वाढत वाढत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत गेली. १५ जानेवारी २०२६ रोजी पुणेकरांनी १६५ नगरसेवकांच्या महापालिकेसाठी मतदान केलं. त्याआधीचं मतदान झालं होतं २१ फेब्रुवारी २०१७ ला. त्यानंतर अठरा पूर्ण केलेल्या पुणेकरांचं महापालिकेसाठीचं हे पहिलंच मत. त्यांच्यातले सगळ्यांत थोरले तोवर सव्वीस वर्षांचे झाले होते.