पॅनलसमोरचा एक मीटर

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘पॅनलजवळ ट्रान्सफॉर्मर बसवताना सोडायची जागा’. समोर वायरमन आहेत, ठेकेदार आहेत, आयटीआयची मुलं आहेत, तेव्हा पॅनल, म्हणजे मेन स्विच आणि फ्यूजची पेटी, काय असतं इथपासून सुरुवात करत नाही. मला एकच सांगायचंय. नियमानं सोडायला लावलेली जागा यंत्रासाठी नसते. ती हँडल ओढणाऱ्या माणसासाठी असते.

कुपवाडच्या एमआयडीसीत मी एका गाळ्यात मेंटेनन्सला होतो. मालकांनी जुनी जपानी लेथ आणली. जपानची थ्री फेज 200 व्होल्टची, आपली 415 ची. व्होल्ट उतरवायला मध्ये ट्रान्सफॉर्मर आला, ड्राय टाइप, म्हणजे बिनतेलाचा, 25 केव्हीए क्षमतेचा. ठेवायचा कुठे? पॅनलखाली जागा मोकळी दिसली. अँगलचा स्टँड केला, ठेवला. पॅनल भिंतीपासून अर्धा फूट पुढे, ट्रान्सफॉर्मर दोन फूट. म्हणजे मेन स्विचला हात घालायचा तर दीड फूट ओणवं व्हायचं. वर्षभर आम्ही सगळे ओणवे होत राहिलो. तुमच्यापैकी कितीजणांच्या पॅनलखाली आत्ता काहीतरी ठेवलंय? पेंटचे डबे, झाडू, जुनी मोटर? हात वर करा. बघा, पहिली रांग हसतेय, पण हातही तिथलेच वर आहेत.

तर, जुलैतली संध्याकाळ, बाहेर पाऊस. पॅनलमधून जळका वास आला. आमचे मोठे मिस्त्री, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, ते धावले. उजव्या हातानं पॅनलचं दार उघडलं आणि तोल सांभाळायला डावा हात खालच्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यावर टेकला. पत्र्याला अर्थिंग केलेलं, अगदी चोख. आत एका फेजची लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची पट्टी, निसटून लोंबत होती, ती उजव्या मनगटाला लागली. करंट एका हातातून शिरला, दुसऱ्यातून निघाला, वाटेत छाती. झटक्यानं मामा मागे पडले म्हणून वाचले. त्यांची दोन बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत. अर्थिंग बरोबर, फ्यूज बरोबर, वायर चांगली. चुकली होती ती जागा, आणि ती वर्षभर आमच्या डोळ्यांसमोर होती.

पुढे अमेरिकेच्या विद्युत संहितेतला तक्ता पाहिला तेव्हा मामांचा डावा हातच आठवला. जमिनीच्या तुलनेत 151 ते 600 व्होल्टपर्यंत, म्हणजे आपले 240 त्यात आलेच, पॅनलसमोर किती जागा हवी? माणसाच्या पाठीमागे काहीच नसेल तर 3 फूट. अर्थ असलेली वस्तू असेल तर साडेतीन. उघडा लाइव्ह, म्हणजे वीज चालू असलेला, भाग असेल तर 4. आणि विटेची किंवा काँक्रीटची भिंतसुद्धा ते अर्थ असलेलीच धरतात. माणूस मध्ये उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे, हे त्या लोकांनी मोजलंय.

आपल्याकडे साधा आकडा आहे, समोर किमान 1 मीटर. 1956 च्या नियमांत होता, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांत होता, त्यांच्या जागी आलेल्या 2023 च्या विनियमांतही आहे. आता सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. त्यानंतर ज्यानं त्यानं पॅनल वर उचललं. शहाणपणाचंच केलं. पण पॅनल चढलं छातीच्या वर आणि माणसाला उभं राहायला दीड फुटाचा कट्टा! पूर आठ-दहा दिवसांचा, हँडल रोजचं. पॅनल उचलायचं तर समोर मीटरभर रुंद, पक्का ओटा बांधा, वर रबरी मॅट टाका. याबद्दल मी गाळेवाल्यांशी भांडलोय आणि पुढेही भांडणार आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. मुख्य विषय आता भरभर घेतो.

ट्रान्सफॉर्मर पॅनलच्या बाजूला ठेवा, खाली नको. खाली किंवा वर ठेवावाच लागला तर अमेरिकेत तो पॅनलच्या तोंडापुढे 6 इंचांपेक्षा जास्त येऊ देत नाहीत. साडेसहा फुटांच्या वर भिंतीवर असेल तर माणसाच्या आड येत नाही. आपण निदान एवढं तरी पाळू. पॅनलचं दार पूर्ण 90 अंशांत उघडलं पाहिजे.

उष्णता बघा. 25 केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये फुल लोडला तीन टक्के जरी वाया गेले तरी पाऊण किलोवॅटची शेगडी झाली. ती पॅनलखाली पेटवली की वरची एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच, लवकर ट्रिप होणार. घरगुती एमसीबीचं माप 30 अंशांवरचं असतं आणि आपला मे महिना 40 चा. ट्रान्सफॉर्मरच्या जाळ्या भिंतीला चिकटवू नका.

पॅनलच्या मागे जोडण्या असतील तर मागची जागा 20 सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवा, नाहीतर 75 पेक्षा जास्त. मधलं काही चालत नाही. 20 मध्ये माणूस शिरत नाही, 75 मधून बाहेर पडतो, 45 मध्ये अडकतो. 75 च्या वर असेल तर 1.8 मीटर उंचीपर्यंत मोकळी वाट हवी.

मामांच्या गाळ्यात आम्ही दुसऱ्याच दिवशी ट्रान्सफॉर्मर डावीकडे सरकवला. चार मीटर केबल जादा लागली.

तेलाच्या ट्रान्सफॉर्मरचे नियम वेगळे, ते आज राहिले. ज्यांनी गाळ्याचा नकाशा आणलाय त्यांनी चहापाशी थांबा, टेप माझ्याकडे आहे.