आधी बल्ब दाबा, मग कार्ब्युरेटर खोला

मंडळी, भर पाण्यात आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन, मध्येच बंद पडलं की पहिला पाना लागतो तो पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. पेट्रोल त्याच्यापर्यंत पोचतंय की नाही, ते टाकी आणि इंजिनाच्या मधल्या, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायच्या रबरी बल्बला विचारा.

बल्बवरचा बाण इंजिनाकडे हवा. इंजिन बंद ठेवून, बाण वर येईल असा बल्ब उभा धरा आणि दाबत राहा. थोड्याच वेळात तो कडक व्हायला हवा. मऊच राहिला तर बल्बचा आतला वाल्व गेलाय, नाहीतर टाकीच्या बाजूने हवा ओढली जातेय. आधी पाइपाच्या कनेक्टरची ओ-रिंग (रबरी कडी) बघा. लक्षात घ्या, ही ओढीची बाजू आहे. इथे पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून 'कुठे ओल नाही, म्हणजे गळती नाही' हा हिशेब इथे चालत नाही. खात्री करायची तर बल्बनंतर वीतभर पारदर्शक पेट्रोलचा पाइप तात्पुरता जोडा. बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

आता इंजिन जोरात चालवा. ते दम तोडायला लागलं की दुसऱ्या माणसाने बल्ब दाबायचा. इंजिन सावरलं तर स्पार्क ठीक आहे, पेट्रोलच कमी पडतंय. मग बल्बचा आकार बघा. चपटा होऊन बसला असेल तर अडथळा त्याच्या मागे: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय (हसू नका, हेच जास्त होतं), नाहीतर टाकीतल्या नळीची जाळी तुंबलीय. बल्ब गोल आहे, पण दाबल्यावरच इंजिन उचलतं, तर पुढचा फिल्टर किंवा पंप. टू-स्ट्रोकमध्ये हा पंप क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या बंद पेटीच्या) दाबावर हलणाऱ्या पातळ पडद्यावर चालतो. पडदा फाटला की पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये जातं आणि प्लग ओला, काळा निघतो.

जुना पाइप तर फारच लबाड. बाहेरून नवा दिसतो, आतला थर सुटलेला असतो. सावकाश चालवलं तर पेट्रोल जातं. थ्रॉटल दिला की तोच थर मध्ये ओढला जाऊन वाट बुजवतो. टोकाचा बोटभर तुकडा कापून आत नख लावा. थर उचकटला तर पाइप सरळ फेका, आणि नवा घेताना इथेनॉल सोसणाराच मागा.

इथेनॉलवरून आठवलं. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल थोडं पाणी पोटात ठेवतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि ओढणारी नळी तळाशीच असते. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करा. वरचं वापरू नये, इथेनॉल गेल्यामुळे त्याचं ऑक्टेन उतरलेलं असतं. नव्या पेट्रोलसोबत पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टरही बदला.

टाकी, पाइप, फिल्टर उघडायचं काम उघड्यावर, इंजिन बंद ठेवून आणि बॅटरीची तार काढून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळात साचते. इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं इंजिन) असेल तर स्टार्टरला हात लावण्याआधी ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर फेकणारा पंखा, ४ मिनिटं चालवायचा.

एवढं करूनही इंजिन अडतंय? मग खुशाल कार्ब्युरेटर खोला. जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) मात्र तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनरचा फवारा आणि हवा पुरे.