दाबमापी जे सांगत नाही

(दृश्य: इंडस-२ ची निर्वात नळी)

इंदूरकर ज्याला अजूनही ‘कॅट’ म्हणतात, त्या राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात इंडस-२ या कणत्वरकाचे इलेक्ट्रॉन सुमारे १७२ मीटर परिघाच्या निर्वात नळीत फिरतात. या इलेक्ट्रॉनांतून निघणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत हायड्रोकार्बनचे रेणू उरले, तर आरशांवर कार्बनचा थर धरतो. उपग्रहाच्या आरशावर तेच काम सूर्याचे अतिनील किरण करतात, आणि तिथे पुसायला कुणी जात नाही. म्हणून उड्डाणाआधीच्या थर्मोव्हॅक चाचणीत, म्हणजे निर्वात कक्षात यान तापवून-गारठवून पाहताना, नुसत्या दाबावर भागत नाही. दाब टॉर या एककाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत उतरला, तरी गोंद, केबलचं आवरण, सिलिकोन यांतून जड रेणू सुटतच असतात.

(दृश्य: टीक्यूसीएमचं डोकं)

टीक्यूसीएम म्हणजे बसलेल्या थराचं वस्तुमान मोजणारा, तापमान राखता येणारा स्फटिकाचा तराजू. त्यात क्वार्ट्झचे दोन स्फटिक असतात, एक उघडा, एक झाकलेला. उघड्यावर थर बसला की त्याची कंपनं मंदावतात; दोघांतला फरक हर्ट्झमध्ये मोजायचा. १५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर १ हर्ट्झ म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २ नॅनोग्रॅम. थराची घनता पाण्याइतकी धरली, तर ५० हर्ट्झला एक नॅनोमीटर.

या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी स्फटिकाचं तापमान पाहा. उणे २० अंशांवर तेलकट रेणू चिकटतात, पाणी नाही. इतक्या कमी दाबात पाणी धरायला उणे १२० च्याही खाली जावं लागतं. तापमान हललं तर कंपनंही हलतात आणि थर वाढल्याचा भास होतो. मग त्याचं तोंड कुठे आहे ते पाहा. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. स्फटिक यानाकडे, निदान त्यातून वायू बाहेर पडण्याच्या भोकांकडे वळलेला नसेल, तर रेणू द्रव नायट्रोजनने गारठलेल्या श्राउडला, म्हणजे कक्षाच्या आतल्या आवरणाला, चिकटून संपतात आणि घाणेरडं यानही स्वच्छ दिसतं.

थर कशाचा, ते आरजीए सांगतो; कक्षात उरलेल्या वायूंचे रेणू तो वस्तुमानावरून ओळखतो. वस्तुमान १८ म्हणजे पाणी. ४३ आणि ५७ एकत्र चढले तर तेल. ७३ आणि १४७ दिसले तर सिलिकोन. २८ वर घाई नको, नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही तिथेच येतात; सोबत ३२ असेल तर हवेची गळती शोधा.

(दृश्य: कोल्ड फिंगर)

श्राउड गरम करण्याआधी कोल्ड फिंगरमध्ये, म्हणजे कक्षातल्या छोट्या पोकळ धातूच्या नळीत, द्रव नायट्रोजन सोडतात. सुटणारे रेणू तिच्यावर गोठतात. नंतर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन उरलेला अंश तपासतात. या सगळ्या वेळात यान श्राउडहून गरमच हवं. ते थंड राहिलं, तर श्राउडवर साठलेलं सारं त्याच्या भिंगांवर उतरतं. कोरडा नायट्रोजन भरून कक्ष उघडायचा, तोही यान खोलीच्या तापमानापेक्षा थोडं वर आल्यावरच.